रंजूक

विश्राम गावकर आमच्या दारापुढच्या खळ्यात शिरला तेव्हा मी पडवीत बसून वहीत तीन रकाने आखत होते. त्याने चपला काढल्या नाहीत. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, त्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"मेस्त्री, शिंग दी," तो म्हणाला.

वर्षापूर्वीपर्यंत हाच माणूस माझ्या आजोला गुणाजीकाका म्हणायचा.

शिंग म्हणजे म्हशीचं पोकळ शिंग, तोंडाला लाकडी बूच आणि आत बंदुकीची दारू. आमच्या कुळवलीत देवाची एक जुनी बंदूक आहे. ती गावकरांच्या घरी राहते आणि तिचं शिंग आमच्या घरी, असं आजोच्या आजोपासून चालत आलं होतं. दसऱ्याला रवळनाथाची तरंगं, म्हणजे सजवलेले देवखांब, देवळाबाहेर पडली की गावकराने त्या बंदुकीचा बार काढायचा आणि तिला आग लावायची ती मेस्त्र्याने. आग लावायची म्हणजे जामगी धरायची. जामगी ही सुताची जाड दोरी, टोकाला निखाऱ्यासारखी धुमसत राहणारी. तो आमच्या घराचा मान. अख्ख्या गावात आमच्या वाट्याला आलेला एवढा एकच.

"यंदा सावंतवाडीसून माणूस येतलो," विश्राम म्हणाला. "जामगी तोच धरतलो. आणि ह्येच्यापुढे तुमच्याकडे मान नाय, तां दसऱ्याक देवळात सगळ्यांसमोर सांगतलंय."

आजोने हातातली कानस खाली ठेवली, आत जाऊन खुंटीवरचं शिंग काढलं, बाहीने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. वर सांगितलं की कोरड्यात ठेव. एवढंच. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

"आणि तेचोय बार नाय झालो तर?" मी विचारलं.

विश्रामने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "ह्या चेडवाक तोंड कधी फुटला?"

कधी म्हणजे, ऑगस्टमध्ये. मी तेव्हा नववीत होते. आठवीपर्यंत माझी हजेरीसुद्धा शेजारची मुलगी द्यायची, इतका माझा आवाज बारीक. मग परुळेकर बाईंनी मला जबरदस्तीने तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं आणि माझा दुसरा नंबर आला. चषक फार मोठा नव्हता, आमच्या चहाच्या कपाएवढाच. पण त्या दिवसापासून मी जी सुटले ती सुटलेच. एसटीच्या कंडक्टरशी वाद, वर्गात प्रश्न, आईला उपदेश. आता बारावीत आहे आणि अजून सुटलेलीच आहे. पण हे जे सांगतेय ते त्या पहिल्या दोन महिन्यांतलं, जेव्हा मला वाटायचं की आवाज आला म्हणजे झालंच.

शाळेत मात्र त्या आवाजाचा काही उपयोग होत नव्हता. गावकरवाडीची मुलं मला फुसकी म्हणायची. आजोला फुसको मेस्त्री म्हणायची आणि मला त्याची फुसकी. नळावर पाणी भरायला गेलं की मागून कुणीतरी तोंडाने बार उडवायचा, आणि मग हळूच हवा सोडल्याचा आवाज. माझ्या डब्यावर एकदा खडूने लिहिलं होतं. मी ते पुसलं नाही. तसाच डबा उघडून सगळ्यांसमोर जेवले.

हे सगळं आदल्या वर्षीच्या दसऱ्यापासूनचं. त्या दिवशी आजोने जामगी धरली, भक्कन जाळ झाला, धूर झाला, आणि बार झालाच नाही. देवाच्या दारात, ढोल थांबलेले, चारशे माणसं कानांत बोटं घालून उभी, आणि काहीच नाही. आमच्याकडे ह्यापेक्षा वाईट शकुन नाही. विश्रामची बायको सुमित्राकाकी तेव्हा तापाने घरी पडून होती. नवव्या दिवशी ती लेप्टोने गेली. बंदूक दसऱ्याआधी साफ केली होती आजोने. त्यामुळे बार कुणी घालवला आणि माणूस कुणामुळे गेलं, ह्याचा हिशोब गावाने तेराव्याच्या आत करून टाकला. शेतात डुकरांचा त्रास म्हणून आमच्याकडे घरोघरी परवान्याची ठासणीची बंदूक असते. त्यातली एकही त्यानंतर वर्षभर आजोकडे दुरुस्तीला आली नाही. तो कोयत्या-विळ्यांना धार लावत बसायचा. पडवीसमोरून जाणारे लोक मुद्दाम पलीकडच्या कडेने जायचे.

आणि आजो गप्प. कधीही, कुणालाही, एक शब्द नाही.

आता वहीतल्या रकान्यांचं सांगते, कारण सगळं घडलं त्या वहीमुळे. परुळेकर बाईंनी प्रकल्प दिला होता: जुना, वापरातून जात चाललेला एक शब्द घ्यायचा आणि तीन रकाने भरायचे. अर्थ, मूळ, वापर. मी रंजूक घेतला. वर्गात कुणालाच माहीत नव्हता आणि मला येता-जाता कानावर पडणारा, त्यामुळे मी आधीच जिंकल्यासारखी चालत होते.

अर्थ आजोने समजावला. मांडीवर एक रिकामी नळी घेऊन त्याने दाखवलं की दारू ठासलेली असते आत, अंधारात. तिला बाहेरून आग पोचवायची कशी? त्यासाठी नळीच्या बुडाशी सुईएवढं भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानाच्या बाहेर एक छोटी वाटी. त्या वाटीत पिठासारखी बारीक दारू चिमूटभर घालायची. ती रंजूक. जामगी टेकली की रंजूक पेटते, तिचा जाळ कानातून आत शिरतो, आतली दारू पेटते आणि बार होतो. हे सगळं आपण एक टाळी वाजवू तेवढ्या वेळात.

"आणि नुसती रंजूकच जळली तर?"

"तर नळी आभाळाकडे धरूची आणि शंभर आकडे मोजूचे," आजो म्हणाला. "आत इस्तू ऱ्हवलेलो आसता. कधी पन्नासाक जागो होता." इस्तू म्हणजे विस्तव.

मूळ शाळेच्या कपाटात सापडलं. मुखपृष्ठ नसलेल्या एका जाड कोशात फारसी असं लिहिलं होतं. मी खाली माझी भर घातली: फौजांबरोबर आला असणार, फौजा गेल्या आणि शब्द आमच्या पडवीत राहिला. बाईंनी त्यावर चांदणी काढली.

राहिला तिसरा रकाना. वापराचं बाईंचं म्हणणं कडक होतं. वाक्य स्वतः बनवायचं नाही. कुणाच्या तरी तोंडून बोलण्यात आलेलं ऐकायचं, आणि पुढे बोलणाऱ्याचं नाव, वय, गाव, तारीख लिहायची. घरचं माणूस चालणार नाही. म्हणजे आजो बाद. बाकीच्यांच्या बंदुका चापाच्या, त्यांना रंजूक लागत नाही. मग हा शब्द बोलणारं गावात दुसरं घर एकच होतं, गावकरांचं.

खंडेनवमीच्या दुपारी मी गावकरांच्या मागीलदाराने आत गेले. विश्राम देवळात होता हे बघूनच गेले, एवढी काही मी शूर नव्हते. घरात त्याची आई, भामाआजी, एकटी होती. वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांवर ताकासारखा पांढरा पडदा. तिने कोण म्हणून विचारलं. मी शाळेतली, परबांची, असं सांगितलं. खोटं बोलताना माझा आवाज स्पर्धेतल्यापेक्षा छान लागला.

देवघरासमोर पाटावर बंदूक आडवी ठेवली होती. खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, नांगर, सायकल, सगळ्याची पूजा होते. त्या घरात देवाच्या बंदुकीची. आजी झेंडूची फुलं चाचपडत वाहत होती. मी शब्द विचारणार तेवढ्यात तिने शेंदराची वाटी ओढली, तेल घालून खलला, आणि डाव्या हाताची बोटं नळीवरून सरकवत मागे मागे नेली. एका जागी ती थांबली. मग उजव्या हाताच्या अनामिकेने शेंदराचा चांगला गोळा घेऊन तिथे दाबून बसवला.

मी विचारलं की तिथेच का.

ती हसली. "दिसणा नाय मा माका. खाच लागता बोटाक, थंय लायतंय. आदी सुमित्रा लाय होती, कपाळाक लावल्यासारख्या, वरच्या वर. गेल्या वर्सापास्ना मीच."

खाच. कानाबाहेरची वाटी. तेलात मळलेला शेंदूर थेट बंदुकीच्या कानात बसला होता.

मी शब्द विचारलाच नाही. वही छातीशी धरून पळत सुटले. पूजा झालेल्या बंदुकीला बार होईपर्यंत गावकराशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नेम आहे. दारू ठासतो तो, रंजूक घालतो तो. म्हणजे आजोने आदल्या वर्षी बंदूक लख्ख साफ करून दिली होती, आणि नंतर तिचा कान बुजला तो पूजेत! वाईट हात आजोचा नव्हताच. आता गावाला हे ओरडून सांगायचं, बस.

पडवीत पोचून मी धापा टाकत आजोला सगळं सांगितलं. त्याची कानस क्षणभरही थांबली नाही.

"माका ठावक आसा," तो म्हणाला.

आदल्या वर्षी बार झाला नाही म्हणून नळीतली ठासलेली दारू काढायला बंदूक त्याच्याकडेच आणून टाकली होती. तेव्हाच त्याने कानात सुई घातली होती आणि सुई लाल होऊन बाहेर आली होती.

वर्षभर. वर्षभर त्याला माहीत होतं आणि माझ्या डब्यावर लोक फुसकी लिहीत होते. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भित्रा हा त्यातला सगळ्यात बरा शब्द होता. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तू खंय बोलशीत नाय. माझी शपथ आसा."

रात्रभर मी तळमळले आणि सकाळी माझ्या लक्षात आलं की बोलायची गरजच नाही. सावंतवाडीच्या माणसाने बंदूक अष्टमीला साफ केलेली. आज त्याची जामगी, त्याचं नाव. बार आजही होणार नाही. मग सगळ्या गावाला कळेल की आजोचा दोष नव्हता. मी फक्त गप्प उभं राहायचं होतं. शपथही मोडत नव्हती.

दुपारी आजोने पांढरा सदरा घातला. बोलावणं नसताना तो का निघालाय ते मला कळेना, पण मी बरोबर गेले. देवळासमोर आम्ही दीपमाळेपाशी, अगदी मागे उभे राहिलो. दोघातिघांनी आमच्याकडे बघून पाठ केली. एकजण दुसऱ्याला, आम्हाला ऐकू येईल असं, म्हणाला की आज तरी अपशकुन लांब उभो आसा. आजो बंदुकीकडे बघत होता. भामाआजी सभामंडपाच्या पायरीवर बसली होती, मांडीवर हात ठेवून, नवीन लुगडं नेसून.

तरंगं बाहेर आली. ढोल थांबले. विश्रामने आमच्या शिंगातून दारू ओतली, गजाने ठासली, वाटीत रंजूक घातली. मी रवळनाथासमोर हात जोडले आणि मागितलं की बार होऊ नये.

सावंतवाडीच्या माणसाने जामगी टेकवली. भक्कन जाळ. धूर. आणि काहीच नाही.

खरं सांगते, इतका आनंद मला चषक मिळाला तेव्हाही झाला नव्हता. सावंतवाडीचा माणूस दोन पावलं मागे सरकला. कुणीतरी फिसकन हसलं. विश्रामचा चेहरा काळाठिक्कर पडला आणि तो वळला, बंदुकीसकट वळला. नळी खाली येत लोकांवरून फिरायला लागली.

"विश्राम, नळी वर," आजो ओरडला. "वर धर. शंभर मोज."

त्याचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. विश्राम आवाजाच्या दिशेने फिरला. आता नळी सरळ आजोकडे.

"तू माका शिकवतंस?" तो म्हणाला. "माज्या घराक लागलंस, माजी बायल खाल्लंस, आणि आज देवाच्या दारात माका शिकवतंस?"

मी कधी धावले ते मला आठवत नाही. आठवतं ते नळीचं लोखंड, दुपारच्या उन्हात तापलेलं. दोन्ही हात खालून लावून मी नळी वर रेटली आणि माझ्या तोंडातून निघालं, "एक."

विश्राम मला झटकू शकला असता. माझं वजन अडतीस किलो होतं. पण तो इतका चक्रावला की तसाच उभा राहिला. मी मोजत राहिले. मागून हसण्याचा आवाज आला. कुणी म्हणालं, गो बाय, शाळा नाय ही. कुणी म्हणालं, फुसकीक पाढे येतत. मी आणखी मोठ्याने मोजलं. अकरा, बारा. विश्रामचा श्वास माझ्या केसांवर येत होता, तो म्हणत होता सोड, सोड म्हणतंय तुका. एकोणीस. वीस. दीपमाळेकडून आजो माझ्याबरोबर मोजत होता, ते मला तेव्हा ऐकू आलं.

सव्वीसला बार झाला.

पिंपळावरची वटवाघळं उठली. विश्राम मागे पडता पडता राहिला. माझ्या डाव्या कानात जी शीळ सुरू झाली ती तीन दिवस थांबली नाही. धूर गेल्यावर मी बघितलं तर आजो मघाच्याच जागी उभा होता, जिथे नळी रोखली गेली होती तिथे.

कुणी हसत नव्हतं. पण ते फार वेळ टिकलं नाही. सावंतवाडीच्या माणसाला स्वतःचं नाव वाचवायचं होतं. त्याने तार काढून कानात फिरवली आणि बाहेर आलेला लाल लगदा तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. शेंदूर. मी साफ करून दिली तेव्हा नव्हता, तो म्हणाला.

मग गावकरवाडीतली एक बाई पुढे आली. काल दुपारी मेस्त्र्याची नात गावकरांच्या मागीलदारातून पळत बाहेर पडताना तिने बघितली होती.

"काल?" विश्राम म्हणाला. बंदूक अजून त्याच्या हातात होती. "म्हणजे तुमीच बुजवलात. गेल्या वर्सा आजो, ह्या वर्सा नात."

माणसं पुढे सरकली. कुणीतरी माझी वेणी मागून ओढली. आजो गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. दाबला म्हणजे गप्प. मला नीट कळलं. भामाआजी पायरीवर मान थोडी तिरकी करून ऐकत होती.

पण मी नुकतीच चारशे माणसांसमोर सव्वीसपर्यंत मोजलं होतं.

मी सांगितलं. बाईंनी शिकवलं होतं तसं सांगितलं, आधी मुद्दा, मग पुरावा. शेंदूर भामाआजीने लावला. मी समोर होते. डाव्या हाताने खाच शोधली, उजव्या हाताच्या अनामिकेने भरली. हे गेल्या वर्षीपासून चाललंय, ती स्वतः म्हणाली. माझ्या आजोचा ह्यात काहीएक दोष नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा सावकाश. आवाज अगदी देवळाच्या कळसापर्यंत जात होता.

आजोने खांद्यावरचा हात काढून घेतला.

विश्राम पायरीकडे वळला. "गेल्या वर्साय तूच लायलंस?"

"व्हय," भामाआजी म्हणाली. "माजोच हात तो."

बंदूक त्याने तिच्या शेजारी पायरीवर ठेवली. आपट्याचं सोनं न घेता, कुणाला न भेटता तो घरी चालत गेला. आजीला संध्याकाळी शेजारच्या बाईने हाताला धरून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईला कुळवलीतून रिक्षात बसवून कुडाळला आपल्या बहिणीकडे पोचवलं. एक ट्रंक आणि एक उशी. रिक्षा आमच्या घरावरूनच गेली.

त्याच संध्याकाळी बाकीचे मानकरी शिंग घेऊन आमच्या खळ्यात आले. चपला काढून आले. आईने केलेला चहा प्यायले आणि मान मेस्त्र्याचा मेस्त्र्याकडेच असं म्हणाले. एकाने जाताना आपली ठासणीची बंदूक दुरुस्तीला ठेवलीसुद्धा. ते गेल्यावर आजोने शिंग खुंटीला लावलं. मी उभीच होते. शपथ मोडली म्हणून ओरडेल किंवा शाबास म्हणेल, दोन्हीची तयारी होती.

तो कानस घेऊन बसला. कोयत्याची धार बोटाने चाचपत म्हणाला, "बायल गेलेली तेची. तेका कोणतरी वैरी व्हयो होतो. घरात मेळण्यापरास खळ्याभायर मेळलेलो बरो, म्हणान मी गप ऱ्हवलंय."

आणि त्याने कोयता उलटा करून दुसऱ्या बाजूने धार लावायला घेतली.

शाळेत फुसकी बंद झाली. आता मला सव्वीस म्हणायला लागले, आणि त्यात मान होता. नळावर मला पुढे जाऊ द्यायचे. वहीत तिसरा रकाना कोराच होता. बाईंनी लाल पेनाने 'वापर?' असं लिहून वही परत दिली.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी एकटीच एसटीने कुडाळला गेले. विश्रामच्या बहिणीच्या घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी भामाआजी बसली होती. ट्रंक पायांशी, कुलूप लावलेली. कोण म्हणून तिने विचारलं. ह्या वेळी मी खरं सांगितलं.

"ठावक आसा," ती म्हणाली. "त्या दिवशीय वळखललंय. परबांच्या चेडवाच्या हातांक लोखंडाचो वास कसो येतलो?"

मला रडायला आलं आणि मी रडले नाही. माफी मागायचं घोकून गेले होते, ते तोंडातून फुटेना. तालुक्यात दुसरी आलेली मी, मला एक वाक्य जमेना. तिने हात पुढे करून माझा डावा कान चाचपला, आवाज येतो मा, असं विचारलं. येतो म्हटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की विश्रामकाका फार रागावलेत काय.

"तेचां कायएक मनावर घेव नको," ती म्हणाली. "तेची निसती रंजूक गो. भक् करून पेटता, बार काय होणा नाय. न्हानपणापास्ना तसोच. आट दिसांनी येतलो माका न्हेवक."

रस्त्यावर रिक्षा थांबली की तिची मान तिकडे वळायची.

ह्याला आता तीन वर्षं झाली. जामगी आता मी धरते, आजोचे गुडघे गेलेत. बंदूक विश्रामच्याच हातात असते. आम्ही हातभर अंतरावर उभे असतो आणि तो माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. बंदुकीला आता शेंदूर लावत नाहीत. बार टाळी वाजल्यासारखा लगेच होतो. कुडाळच्या खिडकीशी भामाआजीची ट्रंक अजून तशीच आहे, मी अधूनमधून जाते.

पण त्या रविवारी मी वही काढली आणि तिने म्हटलेलं जसंच्या तसं तिसऱ्या रकान्यात उतरवलं. तिने विचारलं की काय लिवतंस. मी वाचून दाखवलं. तिला हसू आलं. मग खाली लिहिलं, बोलणाऱ्याचं नाव सत्यभामा गावकर. वय ब्याऐंशी. तारीख. पुढे गाव होतं, तिथे मी कुडाळचा 'कु' काढला आणि पेन थांबलं.

"थांबलंस कित्याक?" तिने विचारलं. "गाव लिव मा."

मी पुढे 'ळवली' लिहिलं.